फोटोपुरते हातमोजे

कंपनीच्या सुहाससाहेबांनी मोबाइलच्या काचेवर दोन बोटं टेकवली आणि फाकवली. तशी फोटोतली गंगा मोठी झाली. तिचे हात तर एवढे मोठे झाले की टेबलावर काढून ठेवल्यासारखे दिसायला लागले. दोन्ही हातांत निळे, जाड, मनगटाच्या वर येणारे हातमोजे.

"तारीख बघा, वेळ बघा," साहेब म्हणाले. "सकाळी सहा वाजून अकरा मिनिटं. हा फोटो तुम्हीच काढलात ना, गमरे?"

"व्हय साहेब. मीच."

"मग झालं तर. कंपनीनं मोजे दिले होते, बाईंनी ते घातले होते, आणि नंतर कामावर असताना स्वतःच्या मर्जीनं काढले. काच लागली ती त्यानंतर. सोमवारी कामगार खात्याच्या मॅडम विचारतील तेव्हा एवढंच सांगायचं. जे फोटोत आहे तेच. खोटं काहीही सांगायचं नाही."

हे शेवटचं वाक्य साहेबांनी इतक्या सहज म्हटलं की सहदेव गमरेची मान आपोआप डोलली. फोटो खराच होता. त्यातली तारीख खरी, वेळ खरी, गंगाचं जरा ओशाळं हसूसुद्धा खरं. फक्त सहा वाजून पंधरा मिनिटांनी ते मोजे गंगाच्या हातात नव्हते. ते प्लास्टिकच्या क्रेटमध्ये होते, आणि ते तिच्याकडून मागून घेऊन क्रेटमध्ये ठेवणारा माणूस म्हणजे खुद्द सहदेव.

सहदेव हा तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. ऐन उमेदीची पंधरा वर्षं मुंबईत कुरिअरच्या गोण्या वाहिल्या, मग कंबर धरली तसा रत्नागिरीला परतला आणि या ठेकेदार कंपनीत मुकादम म्हणून चिकटला. कंपनीचं काम हॉटेलं, लॉज आणि दुकानांचा कचरा उचलण्याचं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एक शेड, एक टेम्पो, हाताखाली आठ माणसं. नगरपालिकेच्या गाडीत घराघरातला केर जातो. यांच्या वाट्याला येतं ते माशांची आतडी, तेलाचे गाळ, लॉजमधल्या गाद्यांखालचं नको ते, आणि बारमधल्या फुटक्या बाटल्या.

कंपनीचा नियम होता की रोज सकाळी आठही जणांनी जॅकेट, मास्क आणि हातमोजे घालून टेम्पोसमोर ओळीनं उभं राहायचं आणि मुकादमानं त्यांचा फोटो काढून सव्वासहाच्या आत कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा. फोटो नाही तर हजेरी नाही. नियम चांगलाच होता. घोड्यानं पेंड खाल्ली ती वेगळ्याच जागी.

हातमोज्यांचे आठ जोड एकदम आले आणि त्यांच्याबरोबर चिठ्ठी आली की पुढचे वर्षानं. पहिल्या दिवशी माणसांनी ते घालून काम केलं. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ते मोजे गटारातून काढल्यासारखे दिसले. लगोलग मुख्य कार्यालयातून फोन आला, "हे काय घातलंय लोकांनी? हे फोटो पुढं आमच्या गिऱ्हाइकांना जातात, गमरे!" सहदेवनं दोन दिवस डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. फोटो झाला की मोजे क्रेटमध्ये परत. काम आपलं उघड्या हातांनी, जसं आजवर चाललं होतं तसं.

माणसांचीही फारशी कुरकुर नव्हती, हे सांगितलं पाहिजे. मोज्यांत घाम यायचा, पिशव्यांच्या गाठी सुटायच्या नाहीत. भागोजी, त्यांच्यातला सगळ्यात जुना, म्हणायचा, "ह्यांत हात घातला का तो माझा ऱ्हातच नाय." तेव्हा सगळं गोडीगुलाबीनं चाललं. दर शनिवारी सहदेव क्रेट घरी न्यायचा, मोजे साबणानं धुवायचा आणि परसात सावलीला दोरीवर टाकायचा. उन्हानं रबर तडकतं म्हणून सावलीला. त्याची बायको कमलाबाई ते बघून दर वेळी हसायची.

"सोळा हात टांगल्यात परसात," ती म्हणायची, "पन एक मेला भांडी घासायला येत नाय."

सहा महिन्यांनीही मोजे कालच आणल्यासारखे होते. त्याबद्दल कंपनीनं डिसेंबरात सहदेवला 'उत्कृष्ट सुरक्षा मुकादम' असं प्रशस्तिपत्रक दिलं. त्यानं ते चौकट करून भिंतीवर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलंही.

गंगा ही संगमेश्वराकडच्या एका खेड्यातली कुणब्याची सून. नवरा मुंबईत एका गोदामावर पहारेकरी, वर्षातून दोनदा येणारा. रत्नागिरीत भाड्याची खोली, सोबत सासू. चार वर्षांपूर्वी ती काम मागत फिरत होती, तेव्हा सहदेवनंच शब्द टाकून तिला चिकटवली होती. कामाला वाघीण. आठ जणांत मोजे जवळ ठेवू द्या म्हणणारी ती एकटी. एकदा पावसाळ्यात म्हणाली, एकदा दिवाळीनंतर. आणि काच लागली त्या सोमवारी तिसऱ्यांदा.

रविवारनंतरचा सोमवार म्हणजे बारच्या मागं पिशव्यांचा ढीग. फोटो झाला, सहदेव क्रेट घेऊन ओळीपुढून चालला. सगळ्यांनी मोजे टाकले. गंगानं हात मागं घेतला.

"दादा, आजच्यापुरते ऱ्हाऊ देत माझ्याकडं. त्या बारवाल्याच्या पिशवीत बाटल्या असतात फुटक्या. मी धुऊन आनून देईन, शपथ."

"धुतलेस तरी डाग जाणारेत काय त्याचे? आनि उद्या फोटोला काय घालशील, माझां डोचकां? टाक इकडं."

ती हसली आणि तिनं मोजे टाकले. तेवढंच. दहा सेकंदांची गोष्ट. पण पुढच्या दीड महिन्यात सहदेवला ती दहा सेकंदं रोज आठवत होती, जेवताना, स्कूटर चालवताना, दाढी करताना सुद्धा.

साडेसातला बारच्या मागं तिनं पिशवी ओढली आणि आतल्या बाटलीचं फुटकं तोंड बोटांच्या मुळाशी तळव्यात शिरलं. सहदेवनं तिचा हात नळाखाली धरला, आपला रुमाल करकचून बांधला. रक्त थांबल्यासारखं वाटलं. तिला घरी धाडायची, तर अपघाताचा फॉर्म भरावा लागणार होता, आणि त्या फॉर्मवर तिसराच प्रश्न होता: हातमोजे घातले होते काय? सहदेव म्हणाला, "चार दुकानां ऱ्हायलीत, उरकून घे तेवढी." तिनं उरकून घेतली. माशाच्या दुकानाचा डबाही तिनं त्याच हातानं उचलला.

तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. सहदेवनंच तिला स्कूटरवर घालून मोठ्या दवाखान्यात नेली. हात वाचला, पण उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट काढावं लागलं. दवाखान्यातून कागद पुढं सरकला आणि कामगार खात्यात पोचला. आता सोमवारी ठरणार होतं की चूक कंपनीची की गंगाची. तिची ठरली तर तिला भरपाई नाही आणि कामावरूनही नारळ.

ही झाली शुक्रवारपर्यंतची हकीकत. शनिवारी सहदेवनं सवयीनं मोजे धुतले. कमलाबाई दारात येऊन उभी राहिली, पण या वेळी हसली नाही.

रविवारी वाडीतल्या बुद्धविहारात वंदना होती. गेली सात वर्षं वंदना सहदेवच पुढं म्हणायचा; आवाज खडा, उच्चार स्वच्छ. एक एक शील तो म्हणे आणि मागून सगळी वाडी म्हणे. तीन शीलं नीट पार पडली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि सहदेवच्या घशात आवाजच येईना. ओठ हलले, बस. मागच्या बायांनी सवयीनं ते आपणच म्हणून टाकलं आणि वंदना पुढं गेली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. "ठसका लागला वाटतां," म्हातारा आत्माराम म्हणाला. सहदेव पाणी प्यायला. ठसका लागला नव्हता हे त्यालाच ठाऊक होतं, आणि आता आपण पाणी पिऊनसुद्धा खोटं बोललो असं त्याला वाटलं.

तिथूनच तो तडक गंगाच्या खोलीवर गेला. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं वाटेत घोकत गेला.

गंगा भाकरी थापत होती. तांदळाचं पीठ, उकड काढून मळलेलं. डाव्या तळव्यानं ती थापत होती आणि उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी कड सांभाळत होती. भाकरी उचलली की मध्येच फाटायची. तिनं फाटलेली पुन्हा गोळा केली, पुन्हा थापायला घेतली.

"या मुकादम, या," तिची सासू सोनूबाई लगबगीनं उठली. "अवो तुमी नसताव तर आख्खा हात गेला असता हिचा. डाक्तर बोलला माला. तुमी स्कूटरवर घातलीत नि पोचवलीत. देव तुमचां भलां करो." आणि ती शेजारून दूध आणायला गेली.

ती जिना उतरेपर्यंत सहदेव थांबला. मग म्हणाला, "गंगा, उद्या मॅडमसमोर..."

"ठावक हाय. माला पन बोलावल्यानी." गंगानं भाकरी तव्यावर टाकली. या खेपेला ती अर्धीच फाटली. "साहेब येऊन गेले परवा. मी त्यास्नी सांगितलां, गरम व्हत व्हतां म्हनून मीच मोजे काढले. लिवून घेतलाय त्यांनी."

सहदेवनं विचारलं, "असां कशाला सांगितलंस गो?"

"मंग काय तुमचां नाव घेऊ? तुमी कामाला लावलांत म्हनून चार वर्सां चूल पेटली हिथं. तुमची दोन-तीन वर्सां ऱ्हायली असतील नोकरीची. माझी बोटां काय, तुमचां नाव घेतलां म्हनून परत फुटनार हायत?"

ती हे रागानं म्हणाली नाही. भाकरी उलटताना म्हणाली, घरच्या चार गोष्टींतली एक असावी तशी.

खरं सांगायचं तर सहदेवला आधी सुटल्यासारखं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही. सोनूबाईनं आणलेल्या दुधाचा चहा तो प्यायला, स्कूटर चालू केली, आणि नाक्यापर्यंत छातीवरची धोंड उतरल्यासारखा हलका हलका गेला. फोटो आहे, साहेब आहेत, आता खुद्द गंगाचा जबाब आहे. आपण नुसतं 'हो' म्हणायचं. नाक्यावर एका टपरीपुढं कचऱ्याच्या पिशव्या पडल्या होत्या आणि एक बाई त्यांतल्या बाटल्या वेचत होती, उघड्या हातांनी. सहदेवनं स्कूटर बाजूला घेतली आणि तो तिथंच बराच वेळ बसून राहिला. गंगाच्या खोलीपासून नाक्यापर्यंत जेमतेम पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांची त्याला जन्मभर लाज वाटणार होती.

घरी येऊन त्यानं कमलाबाईला सगळं सांगितलं, मोज्यांसकट, फॉर्मसकट. ती ऐकत राहिली. मग परसातल्या दोरीकडं बघून म्हणाली, "माज्याकडं काय बगताव? मी तर दर शनवारी बगितलां नि हसले. माला कदी सुचलां नाय का, कचरा उचलून ह्ये येवढे चकचकीत कसे ऱ्हातत."

सोमवारी सकाळी सहदेवनं सहा वाजून नऊ मिनिटांनी फोटो काढला. सात माणसं होती. मोजे गोळा केले आणि क्रेट टेम्पोच्या केबिनमध्ये न ठेवता स्कूटरच्या पायाशी ठेवली.

कामगार खात्याच्या मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीला लावलेला, बोलणं मोजकं. टेबलाच्या एका बाजूला सुहाससाहेब फाइल घेऊन बसले होते, दुसऱ्या बाजूला गंगा, खुर्चीच्या कडेवर. सहदेव क्रेट घेऊन आत आला तशी साहेबांची भुवई वर गेली.

मॅडमनी फोटो पाहिला. "हा तुम्ही काढलात?"

"हो मॅडम."

"मोजे घातलेले दिसतायत."

"हो. फोटो झाल्यावर मी ते काढून घेतले."

सुहाससाहेब हसले. "गमरे घाबरलेत, मॅडम. बाईंनी स्वतः लिहून दिलंय की..."

"दादा खोटां बोलतत!" गंगा एकदम म्हणाली. आवाज चढला होता. "मीच काढले मोजे. गरम व्हत व्हतां. मी लिवून दिलाय."

मॅडमनी सहदेवकडं पाहिलं. "बाई म्हणतात त्यांनी काढले. तुम्ही म्हणता तुम्ही घेतले. मी काय धरू?"

सहदेवनं क्रेट उचलून टेबलावर ठेवली. "मॅडम, हे जूनमधे आले. नऊ महिने झाले. ह्यांनी रोज चाळीस हॉटेलां-दुकानांचा कचरा उचलला, असां कागदावर हाय. तुमी हातात घेऊन बगा. वास घेऊन बगा."

मॅडमनी एक मोजा उचलला. उलटा केला. नाकाशी नेला आणि तसाच थांबवला. त्याला कपड्याच्या साबणाचा वास येत होता.

"दर शनिवारी मी धुतो," सहदेव म्हणाला. "मळके दिसले तर वरनं बोलनी बसतात, म्हणून कामाला घालून दिले नाहीत. नऊ महिन्यांचे फोटो माझ्या मोबाइलात आहेत. एकात तरी डाग दाखवा." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्या दिवशी तिनं मागितले होते. बाटल्या असतात म्हणाली. मी दिले नाहीत. काच लागल्यावर घरी पन सोडलां नाय. फॉर्म भरावा लागला असता. माझ्यामुळं गेली तिची बोटां."

सुहाससाहेबांनी फाइल मिटली. "गमरे, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? प्रशस्तिपत्रक घेताना हे सांगायचं होतं."

"तेव्हाच सांगायला हवां व्हतां, साहेब," सहदेव म्हणाला. यात त्याला साहेबांना टोमणा मारायचा नव्हता. साहेब बरोबरच बोलले होते.

मॅडमनी मोजा खाली ठेवला आणि खुर्ची गंगाकडं वळवली. "बाई, आता तुम्ही सांगा. कुणाची भीड धरू नका. तुम्ही मोजे मागितले होते?"

गंगानं नजर खाली वळवली. सहदेवला वाटलं, ती पुन्हा नाही म्हणणार.

"तीनदा मागितले," ती म्हणाली.

आणि मग तिनं मान वर करून सहदेवकडं पाहिलं. दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्या नजरेत दादा, मुकादम, उपकार असलं काही नव्हतं. "तीन खेपा मागितले, दादा. येकदा तरी व्हय म्हनायचां व्हतांत. आता सगळां सांगताव."

सहदेवला वाटलं होतं, खरं बोललं की आत काहीतरी मोकळं होईल. वाडीत सगळे तसंच सांगतात. तसं काही झालं नाही. तिचं वाक्य आत जाऊन बसलं आणि ते आता तिथंच राहणार हे त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं, पण ती मागणं म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी घेण्यासारखं झालं असतं. त्यानं तोंड मिटलं.

मॅडमनी दोघांचे जबाब नव्यानं लिहून घेतले आणि वाचून दाखवले. शिपायानं गंगाचा हात बघितला आणि न विचारताच शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं.

"शाई नको," गंगा म्हणाली. "माला सही येते."

तिनं पेन उचललं. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यात ते बसेना, निसटून टेबलावर पडलं. सुहाससाहेबांनी घड्याळ बघितलं. शिपाई पॅड तसंच धरून उभा होता. मॅडमनी त्याला हातानंच मागं व्हायला सांगितलं. गंगानं पेन पुन्हा धरलं, करंगळीचा टेका दिला आणि लिहायला घेतलं. ग काढला. त्याच्यावरचा अनुस्वार दोनदा दाबून दिला. मग गा. आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. अक्षरं पहिलीतल्या मुलीसारखी मोठी आणि वाकडी येत होती, दिलेल्या रेघेच्या बाहेर जात होती, पण तिनं एकही गाळलं नाही, एकही अर्धं सोडलं नाही.

मग तिनं पेन सहदेवपुढं ठेवलं.

त्यानं ते धड पाच बोटांनी उचललं. सही करायला वाकला, आणि पंख्याच्या वाऱ्यानं कागद हलायला लागला तशी गंगानंच पुढं होऊन आपल्या तीन बोटांनी तो धरून ठेवला.